आघातग्रस्तांसोबत काम करताना निर्णय कसा घ्यावा: चिपळूणमधील एका प्रशिक्षण शिबिराचे परीक्षण

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोकणातील माणसाने चांगल्या प्रशिक्षणासाठी मुंबई किंवा पुणे गाठायचे, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. त्यामुळे मानसिक आघात सोसलेल्या माणसांसोबत काम करणाऱ्यांसाठी नैतिक निर्णयप्रक्रिया या एकाच विषयावर चिपळूणमध्ये तीन दिवसांचे निवासी शिबिर होत आहे, हीच मुळात स्वागतार्ह गोष्ट होती. बहादूरशेख नाक्याजवळच्या सभागृहात झालेल्या या शिबिराचे शुल्क निवास व भोजन धरून ४,५०० रुपये होते आणि प्रवेश २४ जणांपुरताच मर्यादित होता. शालेय समुपदेशक, हिंसाचारग्रस्त स्त्रियांना मदत करणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमधील कार्यकर्त्या, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, दोन मनोविकारतज्ज्ञ आणि माझ्यासारखे स्वतंत्र काम करणारे समुपदेशक असा मिश्र गट जमला होता. आयोजक संस्थेचे आणि प्रशिक्षकांचे नाव मी येथे देत नाही. शिबिरात चर्चिलेल्या घटना बदलून मांडलेल्या असल्या तरी कोकणातील वाड्या लहान आहेत, आणि संस्था, तालुका व तुकडी कळली की माणूस ओळखणे अवघड राहत नाही.

हा विषय याच पट्ट्यात शिकवला जाणे का गरजेचे आहे, ते अलीकडच्या काही तारखांवरून लक्षात येते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. या प्रत्येक घटनेनंतर वाचलेल्यांशी बोलायला माणसे गेली. त्यांतील काही प्रशिक्षित होती, काही नुसतीच कळवळ्याने धावलेली होती, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या स्वतःच्या घरातही चिखल साचलेला होता. येथे समुपदेशक आणि समोरचा माणूस एकाच पुरातून बाहेर पडलेले असतात. शहरात बसून लिहिलेल्या आचारसंहितांमध्ये ही परिस्थिती सहसा गृहीत धरलेली नसते, या शिबिराने मात्र सुरुवातच तेथून केली.

स्वायत्तता, हित साधणे, अपाय टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे आपण सर्वांनीच अभ्यासक्रमात घोकलेली असतात. पहिल्या दिवशी सकाळी त्यांचा पाढा पुन्हा म्हणायला लागेल अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी प्रत्येकाच्या हाती एक छापील कागद देण्यात आला, ज्याला येथे ‘निर्णय-टिपण’ म्हणतात. त्यावर सहा चौकटी आहेत. काय घडले आणि ते मला कसे कळले, हे पहिल्या चौकटीत लिहायचे; या निर्णयाचा परिणाम कोणाकोणावर होईल, हे दुसऱ्या; कायदा येथे मला कशाची सक्ती करतो आणि कशाला मनाई करतो, हे तिसऱ्या; काहीच न करणे हासुद्धा एक पर्याय धरून माझ्यासमोर कोणते मार्ग आहेत, हे चौथ्या; मी कोणाचा सल्ला घेतला, हे पाचव्या; आणि काय ठरवले, का ठरवले आणि या निर्णयाकडे पुन्हा कधी पाहणार, हे सहाव्या चौकटीत. अशी मांडणी इतरत्रही थोड्याफार फरकाने आढळते, म्हणून एवढ्यावरून मी या शिबिराचे कौतुक केले नसते. कागदाच्या तळाशी, चौकटींच्या बाहेर, आणखी एक प्रश्न छापलेला आहे: ‘या निर्णयामुळे माझी स्वतःची कोणती भीती कमी होते?’

माझ्या मते या शिबिराचे सारे मोल या एका प्रश्नात आहे. आघातग्रस्त माणसांसोबत काम करताना आपण घेतलेले कितीतरी निर्णय समोरच्याच्या हिताच्या नावाखाली आपल्याच भीतीला दिलेली उत्तरे असतात. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून तक्रारीचा विषय टाळला जातो, बोल लागू नये म्हणून घाईने रुग्णालयात पाठवले जाते, आणि समोरच्याचे रडणे आपल्याला पाहवत नाही म्हणून ‘आता विसरा’ असे सांगितले जाते. प्रशिक्षिकेने हे कोणावर ठपका न ठेवता पुन्हा पुन्हा दाखवून दिले. भीती असणे अनैतिक नाही, परंतु ती कागदावर उतरली नाही तर ती हिताचा वेष घेऊन निर्णयात शिरते, असे त्यांचे म्हणणे होते आणि तीन दिवसांच्या प्रत्येक चर्चेत त्याचा प्रत्यय आला.

पहिल्या दिवशीच्या दुपारचे सत्र सर्वांत समृद्ध होते. चर्चेसाठी दिलेली घटना समुद्रावर बेपत्ता झालेल्या एका खलाशाच्या बायकोची होती. बोट परत आली, तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि बाकीचे खलाशी वाचले, हा एक माणूस मिळाला नाही. काही महिन्यांनी मोठा दीर तिला समुपदेशकाकडे घेऊन येतो आणि म्हणतो, “वहिनीला जरा समजवा. तिने मनाची तयारी केली तर आम्ही दिवसकार्य उरकून घेऊ आणि कागदांवर सह्याही होतील.” दीर वाईट माणूस नाही, कर्जाचे हप्ते थकले आहेत आणि घरात दोन मुले आहेत. बाई मात्र काही बोलत नाही.

प्रशिक्षिकेने पहिला प्रश्न केला तो असा, की येथे समुपदेशकाचे उत्तरदायित्व कोणाशी आहे. घेऊन आलेल्याशी, पैसे देणाऱ्याशी, की खुर्चीत गप्प बसलेल्या बाईशी? उत्तर सोपे वाटते. तरीही गटांनी लिहिलेल्या टिपणांत निम्म्या जणांनी दिराची विनंती हेच कामाचे उद्दिष्ट धरले होते, हे वाचून दाखवल्यावर सभागृहात शांतता पसरली. मग कायद्याची बाजू आली. सात वर्षे ज्याची काहीही खबर नाही त्याला मृत मानण्याची तरतूद आपल्या पुराव्याच्या कायद्यात आहे. मोठ्या आपत्तीत शासन याहून लवकर निर्णय घेऊ शकते. तळिये येथे शोधकार्य थांबवल्यावर बेपत्ता माणसांना मृत घोषित करण्यात आले होते. समुद्रावर एकट्या हरवलेल्या माणसाच्या घरी शासनाच्या वतीने कोणी येऊन शोध संपल्याचे सांगत नाही, आणि म्हणून ‘तो गेला’ हे ठरवण्याचा भार घरच्यांवर, आणि घरच्यांकडून समुपदेशकावर येतो. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा दुःखाला संदिग्ध वियोग म्हटले आहे. देह नाही, निरोप नाही, तेव्हा दुःखाला शेवट देण्याची घाई करण्यापेक्षा अनिश्चिततेसह जगता येईल असे बळ देणे, हे या विचारसरणीत मदतीचे उद्दिष्ट असते.

बंदराजवळच्या रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेने त्या वेळी विचारले, “मॅडम, आमच्याकडे अशीच एक बाई रोज रात्री नवऱ्याचे ताट वाढून ठेवते. ते बंद करायला सांगायचे की नाही?” प्रशिक्षिकेने तिलाच उलट विचारले, “त्या ताटाचा त्रास तिला होतो, की घरच्यांना?” परिचारिकेने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली की त्रास तिला स्वतःलाच होतो, कारण त्या ताटाविषयी बाईला काय बोलावे हे तिला कळत नाही. हे उत्तर तिने टिपणाच्या तळाशी लिहिले. मी आजवर पाहिलेल्या प्रशिक्षणांमध्ये इतका नेमका शिकण्याचा क्षण मला आठवत नाही, आणि तो कोणत्याही व्याख्यानातून आला नव्हता.

दुसरा दिवस गोपनीयतेचा होता. अल्पवयीन मुलांच्या संदर्भात आपल्या कायद्याने समुपदेशकाला निवडीला जागा ठेवलेली नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम १९ प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास, किंवा तो होण्याची शक्यता जाणवल्यास, कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही माहिती बहुतेकांना होती. नैतिक पेच कळवावे की नाही हा नसून, ही सक्ती मुलीला केव्हा सांगावी हा आहे, ही गोष्ट मात्र अनेकांच्या प्रथमच ध्यानात आली. सोळा वर्षांची मुलगी ‘कोणाला सांगू नका’ म्हणत सगळे सांगून बसल्यावर तिला कायदा ऐकवणे म्हणजे ज्या माणसावर तिने पहिल्यांदा विश्वास टाकला त्याच्याकडूनही फसवले गेल्याची भावना तिला देणे होय.

म्हणून येथे प्रत्येकाकडून पहिल्या भेटीत म्हणायची वाक्ये तोंडी म्हणवून घेतली गेली, आणि ती घोटीव कार्यालयीन मराठीत न ठेवता मुलांना समजतील अशी करून घेतली गेली. माझ्या गटाने तयार केलेली वाक्ये अशी होती: “तू मला जे सांगशील ते माझ्याकडेच राहील. पण तुझ्यासोबत कोणी लैंगिक अत्याचार केला असेल, किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर ते मला पुढे कळवावे लागेल. कळवण्याआधी मी तुला सांगेन, आणि कसे कळवायचे ते आपण मिळून ठरवू.” शेवटच्या वाक्यावर खूप वेळ दिला गेला, आणि तो योग्यच होता. कारण कळवणे टळत नसले तरी पुष्कळ गोष्टी मुलीच्या हातात राहू शकतात. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या ठिकाणी घेता येतो, तो घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला उपनिरीक्षक असावी, तिच्या विश्वासाची व्यक्ती जवळ असावी, आणि रात्री तिला पोलीस ठाण्यात थांबवून ठेवू नये, अशा तरतुदी याच कायद्यात आहेत. शिवाय बालकल्याण समितीमार्फत तिला सहायक व्यक्तीही मिळू शकते. ज्या मुलीच्या बाबतीत आजवर सगळे निर्णय दुसऱ्यांनीच घेतले, तिला जबाब कोठे द्यायचा आणि सोबत कोण हवे एवढे जरी विचारले तरी त्याला उपचाराचे मोल असते. आघातातून सावरण्याचा अर्थच मुळी स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा परत मिळणे असा आहे, आणि म्हणून संमती हा येथे नुसता कागदोपत्री सोपस्कार राहत नाही.

प्रौढ स्त्रीच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय असतो, आणि तिने तो घेतला नाही म्हणून समुपदेशकाने तिला दूर लोटणे किंवा तिच्यावर दडपण आणणे, दोन्ही गैर. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, पण ‘देऊ शकतो’ आणि ‘द्यावीच लागते’ यांतील फरक सखी केंद्रातील दोघींनी फार चांगला उलगडून दाखवला. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम ११५ ची चर्चा झाली. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच कायदा गृहीत धरतो आणि शासनावर त्याच्या काळजीची जबाबदारी टाकतो. हे ठाऊक नसल्यामुळे पोलीस केसच्या धास्तीने नातेवाईक अजूनही विषबाधेच्या खऱ्या कारणाविषयी खोटे सांगतात, असे परिचारिकांनी सांगितले. रात्री-अपरात्री आधार लागल्यास शासनाची टेली मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे आणि ती मराठीतही बोलते, ही माहिती फलकावर तीन दिवस ठळकपणे लावलेली होती.

नात्यांच्या गुंत्यावरचे सत्र खास कोकणचे म्हणावे असे झाले. समुपदेशकाने समोरच्याशी दुसरे कोणतेही नाते ठेवू नये, हा नियम ज्या तालुक्यात एकच समुपदेशक आहे तेथे शब्दशः पाळला तर अर्ध्या तालुक्याला सेवाच मिळणार नाही, आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत जाण्याची हिंमत व प्रवासखर्च प्रत्येकाकडे नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या आचारसंहितेतसुद्धा प्रत्येक दुहेरी नाते निषिद्ध ठरवलेले नाही. ज्या नात्यामुळे समुपदेशकाचा निर्णय झुकण्याची किंवा समोरच्याला इजा पोहोचण्याची रास्त शक्यता असते, ते टाळावे असे ती सांगते. येथे त्याचा व्यवहारी अर्थ लावला गेला. पहिल्याच भेटीत उघड बोलून घ्यावे, की बाजारात किंवा गणपतीच्या आरतीला भेट झाली तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर साधे बोलेन, आणि येथील विषय तेथे कधीही काढणार नाही. गणपतीत चाकरमानी गावाला आले की घरोघरच्या गोष्टी पडवीत निघतात. त्या वेळी गप्प बसणे पुरेसे नसते, कारण एखाद्या घराचे नाव निघताच समुपदेशकाने विषय बदलला तरी लोक त्याचा अर्थ काढतात. हे निरीक्षण गुहागरकडच्या एका शिक्षिकेचे होते आणि त्यावर कोणाकडेच पक्के उत्तर नव्हते. प्रशिक्षिकेनेही ते ओढूनताणून दिले नाही, याचे मला समाधान वाटले.

भेटवस्तूंचा प्रश्न त्यामानाने लवकर आटोपला. हापूसची पेटी न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्राच्या आदल्या आठवड्यात आली तर ती परत करावी, आणि काम संपताना कोणी घरची आमसुले आणून दिली तर ती आनंदाने घ्यावीत, दोन्हींची नोंद मात्र करावी, यावर सर्वांचे एकमत झाले.

देवस्कीचा, म्हणजे कौल-गाऱ्हाण्यांसारख्या ग्रामदेवतेच्या रूढींचा, विषय टाळला जाईल असे मला वाटले होते, पण त्याला पूर्ण तास मिळाला. दरडीतून वाचलेली एखादी व्यक्ती ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे, गुरवाकडून कौल लावून घ्यायचे म्हणते, तेव्हा समुपदेशकाने तिला अडवण्याचे कारण नाही. गावासमोर आपले दुःख मोठ्याने मांडले जाणे हा कित्येकांना मोठा आधार असतो. त्याच व्यक्तीला ‘लागिरले आहे’ म्हणून मारहाण होत असेल, उपाशी ठेवले जात असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तेथे श्रद्धेचा आदर हे गप्प राहण्याचे कारण होऊ शकत नाही. ही रेषा स्पष्ट आखली गेली. मात्र या सत्रातील सगळी उदाहरणे हिंदू वाड्यांमधलीच होती. दाभोळपासून बाणकोटपर्यंतच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबांचा उल्लेखही झाला नाही. विधवेच्या इद्दतीच्या, म्हणजे पतीच्या निधनानंतर पाळायच्या, काळात भेटी कोठे आणि कोणाच्या सोबतीने घ्याव्यात, हा आमच्यापैकी काहींना प्रत्यक्ष पडलेला प्रश्न होता. पुढील तुकडीत ही उणीव राहू नये.

आपत्तीनंतरच्या कामाविषयीचे सत्र मी प्रत्येक मदत पथकाला सक्तीचे करीन. पूर ओसरताच शाळेच्या वर्गात सर्वांना गोलाकार बसवून ‘काय पाहिले ते सविस्तर सांगा’ म्हणण्याची पद्धत अजून चालते. सर्वांकडून एका बैठकीत असे बोलवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, आणि काहींना त्याचा अपायही होऊ शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशा सरसकट बैठकांविरुद्ध शिफारस केलेली आहे. तिच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतील मानसिक प्रथमोपचाराची त्रिसूत्री साधी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे, ज्याला बोलायचे नाही त्याला ब्लँकेट, पाणी आणि नातेवाइकांची खबर मिळवून द्यावी. आघाताच्या आठवणींवर थेट काम करण्याच्या पद्धती परिणामकारक आहेत, पण त्यांसाठी प्रशिक्षण, देखरेख आणि नियमित भेटी लागतात. महिन्यातून एकदा येणाऱ्या पथकाने ती जखम उघडणे हाच नैतिक अपराध आहे, असे प्रशिक्षिकेने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. प्रमाणपत्रावरही ‘या प्रशिक्षणामुळे आघातावरील उपचार करण्याची पात्रता मिळत नाही’ असे ठळक छापलेले आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली आहे. अशा वातावरणात स्वतःच्या प्रमाणपत्राची मर्यादा स्वतःच छापणारे आयोजक मला विश्वासार्ह वाटतात.

वार्ताहरांचा मुद्दा याच ओघात आला. दर जुलैमध्ये वर्षपूर्तीच्या बातम्यांसाठी वाचलेल्यांच्या मुलाखती हव्या असतात आणि त्यांची वाट समुपदेशकाकडून जाते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती किंवा छायाचित्र तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. पण समुपदेशकानेच विचारल्यावर ‘नाही’ म्हणणे त्या व्यक्तीला खरोखर शक्य असते का? ज्याच्याकडून मदत घेतो त्याचे मन मोडायला कोण धजावेल? म्हणून समुपदेशकाने असा निरोपही पोहोचवू नये, असे शिबिरात ठरले आणि मला ते पूर्णपणे पटले. याच न्यायाने ही संस्था लाभार्थ्यांचे अभिप्राय आपल्या पत्रकात छापत नाही.

आता उणिवांविषयी. कायद्याचे मुख्य सत्र मुंबईहून पडद्यावर झाले आणि ते निराशाजनक होते. वक्ते विद्वान होते, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालेली असताना त्यांनी बराच वेळ जुन्या दंडविधानाची कलमे सांगितली. आम्हाला सर्वाधिक गरज होती ती नोंदींविषयीच्या मार्गदर्शनाची. वकील आणि अशील यांच्या संवादाला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे ते समुपदेशकाच्या वहीला नाही. न्यायालयाने मागितली तर ती सादर करावी लागते, आणि अत्याचारग्रस्त स्त्रीने अपराधीपणाच्या भरात उच्चारलेले ‘माझेच चुकले’ हे वाक्य समुपदेशकाने संदर्भाविना टिपून ठेवले असेल तर उलटतपासणीत ते तिच्यावरच उलटू शकते. शिवाय आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क संबंधित व्यक्तीलाही २०१७ च्या कायद्याने दिला आहे. काय लिहावे, किती लिहावे, कोणाच्या शब्दांत लिहावे, यावर अर्धा दिवस हवा होता. मिळाली वीस मिनिटे, तीही नेटवर्क तुटत असताना. चिपळूण, खेड किंवा रत्नागिरीच्या न्यायालयात अशी प्रकरणे चालवणाऱ्या स्थानिक वकिलाला बोलावले असते तर हे टळले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रात्यक्षिकासाठी काहींना पूरग्रस्ताची भूमिका देण्यात आली, आणि त्याआधी कोणावर असा प्रसंग गुदरला आहे का, हे विचारले गेले नाही. चिपळूणमध्ये, वीस-पंचवीस माणसांच्या गटात, हे न विचारणे अक्षम्य होते. भूमिका करणाऱ्या एका बाईंना बोलवेना आणि त्या उठून बाहेर गेल्या. सहप्रशिक्षिका लगेच त्यांच्यासोबत गेल्या, प्रात्यक्षिक थांबवले गेले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांनी स्वतःच्या या निर्णयाचे टिपण सर्वांसमोर भरले. तळाच्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिले की वेळापत्रक कोलमडेल ही भीती होती. त्या बाईंची आधी परवानगी घेऊनच हे केले गेले, हेही नमूद करायला हवे. चूक झाकण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, तरी संमती हाच ज्या शिबिराचा विषय आहे तेथे सहभागींची संमती सुरुवातीलाच लेखी घेतली जायला हवी होती.

निवासाची आणि जेवणाची व्यवस्था स्वच्छ व साधी होती. छापील साहित्याचे मराठी मात्र जागोजागी अडखळते. निर्णय-टिपण सोडल्यास बाकीची पाने घाईने अनुवादित केलेली दिसतात आणि ती परिचारिकांच्या उपयोगाची नाहीत. स्वतःची काळजी कशी घ्यावी यावरील अखेरचे सत्र लांबले. आपल्यासारख्यांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवण्यापेक्षा, दर महिन्याला अवघड केसविषयी ज्येष्ठ व्यक्तीशी बोलण्याची सोय मिळाली तर थकवा अधिक कमी होईल.

ती सोय आयोजकांनी देऊ केली आहे. शिबिर संपताना तयार झालेल्या व्हॉट्सॲप गटावर त्याच रात्री कोणीतरी एका मुलीच्या केसचा तपशील गावासकट टाकला. आयोजकांनी तो काढायला लावून दुसऱ्या दिवशी गटच बंद केला आणि त्याऐवजी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्यक्ष बैठक ठेवली, ज्यात भरलेले टिपण नाव-गाव वगळून आणायचे आणि वाचून झाल्यावर परत न्यायचे असते. मी गेलो त्या बैठकीला निम्मी माणसे आली होती, आणि मंडणगड-राजापूरकडच्यांना दिवसभराचा प्रवास परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पुढील तुकडीत नाव नोंदवण्यापूर्वी इच्छुकांनी आयोजकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: कायद्याचे सत्र आता कोण घेणार आहे, आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांसाठी मासिक बैठक रत्नागिरीत घेण्याचे जे बोलणे झाले होते त्याचे काय झाले.